शिक्षा कुणाला, आणि सांगतंय कोण?

कुठेतरी जमीन हादरते, नदी गावात शिरते, साथ पसरते. मृतांची मोजदाद पूर्ण व्हायच्या आत कुणीतरी घसा खाकरून उभा राहतो आणि सांगतो, की ही देवाने दिलेली शिक्षा आहे. कुणाच्या पापाची आणि कुठल्या, हेही त्याला नेमकं ठाऊक असतं. असा माणूस ही कुठल्या एका धर्माची मक्तेदारी नाही. पण तो बायबल मानणारा असेल, तर त्याचा हात हमखास जुन्या करारातल्या संदेष्ट्यांच्या पुस्तकांकडे जातो. आमोस, यशया, यिर्मया, यहेज्केल यांनी हेच तर सांगितलं, असं तो म्हणतो. पाप केलंत की दुष्काळ, टोळधाड, परचक्र. चांगलं वागलात की पाऊस, पीक आणि शांती.

त्याचे विरोधकही त्याचं हे म्हणणं बिनतक्रार मान्य करून टाकतात, हे मला जास्त खटकतं. ‘जुन्या करारातला देव म्हणजे नुसता संतापी, सूड घेणारा’ हे वाक्य मी सुशिक्षित, पुरोगामी, वाचत्या माणसांकडून इतक्यांदा ऐकलं आहे, की त्यातल्या किती जणांनी आमोसाची नऊ प्रकरणं वाचली असतील असा प्रश्न पडतो. एक जण त्या ग्रंथांचं दरपत्रक करून भिंतीवर लावतो, दुसरा ते दरपत्रक क्रूर आहे म्हणून फाडतो. दोघांचं वाचन मात्र एकच. माझं भांडण या वाचनाशी आहे. संदेष्ट्यांच्या लेखनात शिक्षा आहे, भरपूर आहे, काही ठिकाणी अंगावर काटा आणणारी आहे. पण आपत्तीत सापडलेल्या माणसाकडे बोट दाखवून ‘भोग आता’ म्हणायची सोय त्यात नाही. उलट, तसं म्हणणाऱ्याविरुद्धचा सर्वांत जुना आणि सर्वांत कडक पुरावा त्याच पुस्तकांत आहे.

शिक्षा जुनीच, कारण नवं

देव रागावला म्हणून देश हरला, हा विचार इस्राएलच्या संदेष्ट्यांनी शोधून काढलेला नाही. १८६८ साली आजच्या जॉर्डनमधल्या धीबान इथे एक काळा शिलालेख उजेडात आला. तो आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तो मवाबचा राजा मेशा याने इसवीसनपूर्व नवव्या शतकात कोरवून घेतला. इस्राएलचा राजा अम्री याने मवाबला इतकी वर्षं का चिरडलं, तर आमचा देव कमोश आमच्या भूमीवर रागावला होता म्हणून, असं त्यात मेशा सांगतो. पुढे कमोशाचा राग गेला आणि मेशा जिंकला. कमोश कशामुळे रागावला होता? शिलालेख त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. राजाला त्याची गरजच वाटली नाही. देव रागावतात, मग निवळतात, हवेसारखं.

आता आमोसाकडे या. काळ साधारण शंभरेक वर्षांनंतरचा, इसवीसनपूर्व आठव्या शतकाचा मध्य. उत्तरेच्या इस्राएलमध्ये दुसऱ्या यराबामाची राजवट. सुबत्तेचे दिवस. दक्षिणेतल्या तकोवा गावचा हा मेंढपाळ, उंबरासारख्या फळझाडांची निगा राखणारा, उत्तरेतल्या बेथेलच्या राजमंदिराशी जाऊन उभा राहतो. त्याचा देवही रागावलेला आहे. पण कशावर, हे आमोस एखाद्या पंचनाम्यासारखं सांगतो. धान्याचं माप लहान केलं आहे, पैसे तोलायचं वजन जड केलं आहे, तराजूत खोट आहे. शब्बाथ कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो, असं व्यापाऱ्यांना झालं आहे. गव्हाबरोबर भुसकटही विकलं जातं आहे. पायताणाच्या जोडाएवढ्या किरकोळ देण्यापायी गरीब माणूस विकला जातो आहे. वेशीवरच्या न्यायसभेत लाच चालते आहे. यशया घराला घर आणि शेताला शेत जोडत सुटलेल्या जमीनदारांचं नाव काढतो. मीखा तर पुढाऱ्यांना सरळ नरमांसभक्षक म्हणतो, आणि संदेष्ट्यांचीही गय करत नाही; त्यांच्या तोंडात घास पडला की ते शांतीची ग्वाही देतात, नाही पडला की युद्ध पुकारतात, असं त्याचं निरीक्षण आहे.

या लेखनाचं नवेपण इथे आहे. देवाचा राग इथे प्रथमच तपासता येण्याजोगा झाला. माप खोटं आहे की नाही, हे कुणीही बाजारात जाऊन पाहू शकत होतं. यहोयाकीम राजाने देवदार लावून, शेंदरी रंग देऊन नवा महाल बांधला आणि मजुरांची मजुरी बुडवली, असा आरोप यिर्मया करतो. ज्यांची मजुरी बुडाली ते यरुशलेममध्येच राहत होते. आजचा आपत्ती-पंडित ‘अधर्म वाढला’, ‘नीती ढासळली’ असं मोघम बोलतो. एवढ्या मोघम पापाला कुठलाही भूकंप चिकटवता येतो. संदेष्ट्यांच्या आरोपपत्रात कलम असतं, आरोपी असतो आणि तो आरोपी बहुतेक वेळा सत्तेत असतो.

त्यात आणखी एक पेच आहे. यहोवाने निवडलेले आपण, तेव्हा त्याचा दिवस आला की बक्षीस आपल्यालाच, अशी आमोसाच्या श्रोत्यांची खात्री होती. आमोस सुरुवातीला ती खात्री गोंजारतो. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब अशा एकेका शेजाऱ्याचे गुन्हे तो वाचत जातो. गरोदर बायकांची पोटं फाडली, माणसं गुलाम म्हणून विकली, शत्रूची हाडंसुद्धा जाळली. श्रोते माना डोलावत असणार. मग तो यहूदाकडे वळतो आणि शेवटी खुद्द इस्राएलकडे, आणि सर्वांत लांब यादी त्यांचीच वाचतो. तुम्ही निवडलेले आहात म्हणूनच तुमची झडती आधी, असा त्याचा न्याय आहे. तुम्ही ज्या दिवसाची वाट बघताय तो उजेडाचा नाही, काळोखाचा आहे. पुस्तकाच्या शेवटी तो त्याहून पुढे जातो. तुम्हांला मिसरातून बाहेर काढलं तसं पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीराहून मीच आणलं, असं देव म्हणतो. निवडीचा सारा माज एका वाक्यात उतरवलेला आहे.

हिशेब जुळत नाही, आणि ते त्यांना माहीत आहे

दरपत्रक मुळात आलं कुठून? ते ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या प्रकरणात आहे. पहिली १४ वचनं आशीर्वादांची आणि पुढची ५४ शापांची. अश्शूरचा सम्राट एसरहद्दोन याने इसवीसनपूर्व ६७२ मध्ये मांडलिकांकडून आपल्या वारसाशी निष्ठेची शपथ घेतली, त्या करारातल्या शापांशी या प्रकरणाचं साम्य अनेक अभ्यासकांनी दाखवलं आहे. म्हणजे ही भाषा सम्राटांच्या दरबारात घडलेली होती. एका लहान, पिचलेल्या लोकसमूहाने ती उचलली आणि निष्ठा सम्राटाला नाही, देवाला, असं म्हणण्यासाठी वापरली. हे धाडस मी कमी लेखत नाही. पण या सूत्राने इतिहास मोजायला गेल्यावर काय झालं ते पाहा.

यहूदाचा राजा मनश्शे हा ‘राजे’ या ग्रंथाच्या मते सर्वांत वाईट. निरपराध्यांच्या रक्ताने त्याने यरुशलेम भरलं. त्याने राज्य केलं ५५ वर्षं आणि तो अंथरुणात मेला. त्याचा नातू योशीया सर्वांत चांगला. त्याने धर्मसुधारणा केली, गरिबांचा न्याय केला. खुद्द यिर्मया त्याचं नाव आदराने घेतो. तो इसवीसनपूर्व ६०९ मध्ये मगिद्दोजवळ मिसरच्या फारो नखोच्या हातून मारला गेला. सूत्राची याहून उघड फजिती कुठली?

ग्रंथकारांनी ती झाकायचा प्रयत्न केला. ‘राजे’ म्हणतो, मनश्शेचं पाप एवढं मोठं होतं की योशीयाच्या पुण्याईनेही ते फिटलं नाही. ‘इतिहास’ हा नंतरचा ग्रंथ दोन्ही टोकं जुळवून देतो. मनश्शेला बेड्या घालून बाबेलला नेलं होतं, तिथे त्याने पश्चात्ताप केला, म्हणून त्याला एवढी वर्षं मिळाली. आणि योशीयाने नखोच्या तोंडून आलेला देवाचा इशारा ऐकला नाही, म्हणून तो मेला. इथे मला रात्री उशिरापर्यंत बसून ताळेबंद जुळवणारा कारकून दिसतो. एक नोंद इकडे, एक तिकडे, आणि खालची बेरीज बरोबर.

पण संदेष्ट्यांनी हा ताळेबंद मुकाट्याने स्वीकारला नाही. आजोबांच्या पापाने नातवंडं देशोधडीला लागली, हे स्पष्टीकरण बाबेलमध्ये हद्दपार झालेल्या लोकांच्या जिभेवर म्हण होऊन बसलं होतं. आंबट द्राक्षं बापांनी खाल्ली आणि दात मात्र पोरांचे आंबले, अशा अर्थाची ती म्हण. यहेज्केल आपलं अठरावं प्रकरण या म्हणीवर बंदी घालण्यासाठी लिहितो. ज्याचं पाप त्याचं मरण, बापाचा बोजा मुलावर नाही. आणि पापी वळला तर तो जगेल, कारण कुणाच्याही मरणात देवाला सुख नाही. म्हणजे एकाच ग्रंथसंग्रहात ‘राजे’ एक सांगतो आणि यहेज्केल त्याचं थेट खंडन करतो. ‘बायबल सांगतं’ असं म्हणून कुणी शिक्षेचा सिद्धांत मांडू लागला, की मी विचारतो, कुठलं पान?

सर्वांत विलक्षण पान मला यिर्मयाच्या ४४व्या प्रकरणात सापडतं. इसवीसनपूर्व ५८६ च्या सुमाराला यरुशलेम जळालं, मंदिर पडलं. उरलेसुरले लोक मिसरला पळाले, जाताना म्हाताऱ्या यिर्मयालाही घेऊन गेले. तिथे तो त्यांना सांगतो, की परक्या दैवतांपुढे धूप जाळलात म्हणून हे झालं. त्यावर तिथल्या बायका त्याला उत्तर देतात. आम्ही आकाशराणीला धूप घालत होतो, तिच्यासाठी पोळ्या भाजत होतो, तेव्हा पोटभर खात होतो. ते बंद केलं तेव्हापासून तलवार आणि उपासमार पाठीशी लागली. आमच्या नवऱ्यांनाही हे ठाऊक होतं.

घटना तीच आणि निष्कर्ष बरोबर उलटा. तर्क म्हणून पाहिलं तर या बायकांच्या मांडणीत यिर्मयाच्या मांडणीपेक्षा तसूभरही कमी काही नाही. योशीयाने सुधारणा केल्या, आकाशराणीची पूजा थांबवली, आणि त्यानंतर पस्तीसएक वर्षांत सगळं संपलं, हे वास्तवच होतं. यिर्मया आपलं म्हणणं सोडत नाही. कुणाचा शब्द खरा ठरतो ते पुढे कळेल, म्हणतो. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की संपादकांनी त्या बायकांचं बोलणं कापलं नाही. आपत्तीवरून पापाकडे मागे चालत जाणारी वाट कुणालाही हव्या त्या दैवताच्या दारात नेऊ शकते, याचा अस्सल पुरावा त्यांनी स्वतःच जतन करून ठेवला.

आणि ज्यांनी शिक्षा झाली असं मानलं, त्यांनाही ती मापात झाली असं वाटलं नाही. यशयाच्या चाळिसाव्या प्रकरणापासून हद्दपारीच्या शेवटाचा आवाज ऐकू येतो. त्याच्या पहिल्याच ओळींत यरुशलेमला तिच्या पापांच्या दुप्पट भरावं लागलं, अशी कबुली येते. दुप्पट! जखऱ्याच्या पुस्तकात देव म्हणतो, की मी थोडा रागावलो होतो, या राष्ट्रांनी मात्र अतिरेक केला. हबक्कूक तर थेट जाब विचारतो. खास्दी आमच्यापेक्षा दुष्ट, मग ते आमच्यापेक्षा बऱ्या माणसांना गिळतात तेव्हा तू गप्प कसा? त्याच्या पुस्तकाचा शेवट बक्षिसाच्या सगळ्या कल्पनेला धुडकावून लावतो. अंजिराला फळ नसलं, द्राक्षवेल रिकामी असली, गोठ्यात गुरं नसली, तरी मी आनंद करीन, असं तो म्हणतो. पुण्याचा परतावा मिळत नाही हे मान्य करून टिकवलेली ही निष्ठा आहे. तिला दरपत्रकाची गरज नाही.

आपल्याकडच्या वाचकाला इथे कर्मसिद्धांत आठवणं साहजिक आहे, पण तो आडवा आणला की गल्लत होते. कर्माच्या हिशेबाला कुणी कारकून लागत नाही आणि त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही. मागच्या जन्मीचं म्हटलं की विषय संपला. संदेष्ट्यांचा देव रागावतो, रडतो, मन बदलतो, म्हणून त्याच्याशी भांडता येतं. ‘भोग आहेत’ हे वाक्य त्यांच्या तोंडी बसत नाही.

तीन वारसदार

हा वारसा सांगणाऱ्या तीन माणसांची उदाहरणं घेतो.

पहिले जेरी फॉलवेल. न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यानंतर दोन दिवसांनी, १३ सप्टेंबर २००१ रोजी, हे अमेरिकी धर्मोपदेशक दूरचित्रवाणीवर म्हणाले, की गर्भपातवाले, स्त्रीवादी, समलिंगी अशा लोकांनी हे घडायला हातभार लावला. टीका झाल्यावर त्यांनी माफी मागितली. यात संदेष्ट्यांचं काहीही नाही. आमोसाने शेजाऱ्यांची यादी वाचली ती स्वतःच्या श्रोत्यांपर्यंत येण्यासाठी. फॉलवेल शेजाऱ्यांच्या यादीवरच थांबले. त्यांच्या श्रोत्यांपैकी एकालाही त्या रात्री घरी जाऊन स्वतःचं माप तपासावं लागलं नसेल.

दुसरे गांधी, आणि हे उदाहरण अवघड आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली ही शिक्षा आहे, असं गांधी म्हणाले. रवींद्रनाथांनी तीव्र हरकत घेतली. भौतिक घटनेचं असं नैतिक कारण देणं अशास्त्रीय आहे, आणि एवढा मोठा माणूस असं बोलल्याने लोकांमधला अविवेक बळावेल, असा त्यांचा मुद्दा होता. गांधींनी ती हरकत ‘हरिजन’मध्ये छापली आणि आपलं म्हणणं सोडलं नाही. गांधींचं बोट स्वतःच्याच समाजाकडे होतं, पाप नेमकं होतं आणि खरं होतं. इथवर ते आमोसाच्या जवळचे आहेत. पण त्यांनी ते सांगितलं भूकंप झाल्यावर, ढिगाऱ्याखाली मेलेल्यांना पुरावा म्हणून वापरून. त्या ढिगाऱ्यांत अस्पृश्यही होते, त्यांची मुलंही होती. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच अन्यायाबद्दलच्या शिक्षेत मारणारा देव कुठला? अस्पृश्यता पाप आहे हे सिद्ध करायला जमीन हादरण्याची गरज नव्हती. या वादात मी रवींद्रनाथांच्या बाजूने आहे, आणि मला वाटतं, यहेज्केलही असता.

कुणी म्हणेल, आमोसही तेच करत नाही का? चौथ्या प्रकरणात तो दुष्काळ, तांबेरा, टोळ, साथ यांची जंत्री देतो आणि एवढं होऊनही तुम्ही वळला नाहीत, असं देवाच्या वतीने म्हणतो. ही हरकत बरोबर आहे आणि मी ती टाळणार नाही. त्या प्रकरणात तो मागे वळूनच बोलतो. पण तोच आमोस सातव्या प्रकरणात टोळधाड येताना प्रत्यक्ष पाहतो, तेव्हा काय करतो? तो कारण सांगत बसत नाही. तो विनवतो. याकोब एवढासा आहे, कसा टिकाव धरील, क्षमा कर. देव मागे हटतो. मग आग येते, पुन्हा तो विनवतो आणि देव पुन्हा मागे हटतो. यिर्मयाला तर या लोकांसाठी रदबदली करू नकोस, असं देवाला पुन्हा पुन्हा बजावावं लागतं; म्हणजे तो ती करायचा थांबत नव्हता. शिक्षेची भविष्यवाणी करणारा आणि शिक्षा टळावी म्हणून देवाच्या वाटेत आडवा पडणारा, हा एकच माणूस आहे. आपत्ती-पंडितांपैकी कुणी असं आडवं पडलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

तिसरं उदाहरण सर्वांत भयंकर, कारण त्यातला माणूस चांगला होता. हाइनरिश ग्रूबर हे बर्लिनचे धर्मगुरू. नाझी राजवटीत त्यांनी ज्यूंना मदत केली, त्यापायी साखसेनहाउझेन आणि डाखाउच्या छळछावण्या भोगल्या, आणि १९६१ मध्ये आइकमनच्या खटल्यात साक्ष दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तरुण अमेरिकी रब्बी रिचर्ड रुबेनस्टाईन त्यांना भेटले. ज्यूंचा संहार ही देवाचीच इच्छा होती का, यावर ग्रूबर यांचं उत्तर होकारार्थी होतं. प्राचीन काळी नबुखद्नेस्सर जसा देवाच्या हातातलं हत्यार होता, तसाच हिटलर. रुबेनस्टाईन हादरले. १९६६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी निष्कर्ष काढला, की संदेष्ट्यांचा इतिहासात हस्तक्षेप करणारा देव मानायचा, तर ऑशविट्झ ही त्याची शिक्षा मानावी लागेल. ते अशक्य आहे, तेव्हा तो देवच सोडला पाहिजे.

रुबेनस्टाईन यांच्यापुढे मी मान झुकवतो. पण ग्रूबर यांनी संदेष्ट्यांचं अर्धंच ऐकलं होतं, असं मला म्हणायचं आहे. यिर्मया नबुखद्नेस्सराला देवाचा सेवक म्हणतो, हे खरं. पण ते यिर्मयाने म्हटलं, यरुशलेममध्ये, वेढ्याच्या आधी, स्वतःच्या राजाला. शरण जा आणि माणसं वाचवा, हे सांगण्यासाठी. त्याबद्दल त्याला फटके पडले, खोड्यात अडकवलं, चिखलाच्या विहिरीत टाकलं. तेच वाक्य दुसऱ्या लोकांबद्दल, ते मेल्यानंतर, मारणाऱ्यांच्या शहरात उच्चारलं की त्याचा अर्थ उलटतो. कुठलाही संदेष्टा हत्याराला निर्दोष सोडत नाही, हेही लक्षात घ्या. यशयाच्या दहाव्या प्रकरणात अश्शूर देवाच्या रागाची काठी आहे, आणि लगेच त्याच काठीवर खटला सुरू होतो.

एक मुद्दा उरतो, आणि तिथे मी संदेष्ट्यांची वकिली करणार नाही. होशेय आणि यहेज्केल यांनी देव-लोक नात्याला नवरा-बायकोचं रूपक दिलं. यहेज्केलाच्या सोळाव्या आणि तेविसाव्या प्रकरणांत ‘व्यभिचारी’ शहराला स्त्री म्हणून उघडं पाडून, दगडांनी ठेचून शिक्षा दिली जाते. रूपक आहे, म्हणून सुटका होत नाही. मारणाऱ्या नवऱ्याला देवाची उपमा मिळाली की घरातल्या मारालाही पावित्र्य मिळतं. नहूमही निनवेच्या पाडावावर टाळ्या पिटतो. ही पानं वाचावीत, पण त्यांच्यासाठी सबबी शोधू नयेत.

बाहेर बसून बघणारा

तर मग कसोटी काय? त्यांच्याच लेखनातून चार प्रश्न निघतात. बोलणारा आपत्तीच्या आधी बोलतो आहे की नंतर? त्याचं बोट स्वतःच्या लोकांकडे आहे की दुसऱ्यांकडे? पाप नेमकं, तपासता येण्याजोगं आहे का? आणि शिक्षा टळावी म्हणून तो धडपडतो आहे का? या चारांपैकी पहिला प्रश्न मीखाच्या बाबतीत कसा सुटला ते यिर्मयाच्या २६व्या प्रकरणात नोंदलं आहे. मीखाने यरुशलेमचा ढिगारा होईल, मंदिराच्या टेकडीवर रान माजेल, असं सांगितलं होतं. हिज्कीया राजा घाबरला, वळला आणि देवाने ते अरिष्ट टाळलं. शंभर वर्षांनी गावचे वडीलधारे हे उदाहरण देऊन यिर्मयाचा जीव वाचवतात. म्हणजे मीखाचं भाकीत तेव्हा खोटं ठरलं, आणि त्यांच्या लेखी म्हणूनच तो खरा संदेष्टा होता. याउलट हनन्याने दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, लुटलेली पात्रं परत येतील, असं गोड बक्षीस जाहीर केलं. खोटा संदेष्टा तो ठरला.

पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७०च्या दशकातल्या दुष्काळात अन्नावाचून गेले. आयुष्यभर तीर्थयात्रा आणि पुराणकथन करत हिंडलेली ती माणसं होती. त्याच रमाबाईंनी पुढे संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं; ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. आमोसाची दुष्काळाची जंत्री मराठीत उतरवणाऱ्या त्या हाताला उपासमार कुणाला गाठते, हे पुरतं ठाऊक होतं. दुष्काळात आधी गरीबच मरतात, आणि ‘शिक्षा’ म्हणणारे बहुधा जेवलेले असतात.

यशयाच्या ५३व्या प्रकरणात एका पिचलेल्या सेवकाबद्दल लोक बोलतात. तो कोण, यावर ज्यू आणि ख्रिस्ती परंपरांचा मतभेद आहे, पण त्यातली कबुली दोघांनाही वाचता येते. देवाने याला मारलं आहे, असं आम्ही समजलो होतो, आणि आम्ही चुकलो होतो. ओबद्याचं पुस्तक जुन्या करारातलं सर्वांत छोटं, २१ वचनांचं. त्यात अदोमाचा गुन्हा काय? यरुशलेम पडलं त्या दिवशी ते बाजूला उभे राहून बघत होते आणि त्यांना आनंद झाला होता. दुसऱ्याच्या आपत्तीवर समाधानाने भाष्य करणं, हेच तिथे शिक्षापात्र पाप आहे.

आणि योना. निनवे म्हणजे अश्शूरची क्रूर राजधानी, इस्राएलचा कर्दनकाळ. तिचा नाश होणार असं योना सांगतो. तिथला राजा राखेत बसतो आणि म्हणतो, कुणास ठाऊक, देव कदाचित वळेल. देव वळतो. योना मात्र चिडतो, शहराबाहेर मांडव घालून सावलीत बसतो, आता तरी काही होतं का ते बघत. पुस्तक संपतं ते देवाच्या प्रश्नाने. उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसं आणि एवढी गुरंढोरं त्या शहरात आहेत, मी त्यांची कीव करू नये का? योना काय उत्तर देतो ते लिहिलेलं नाही.

आपत्तीनंतर शिक्षेचं कारण सांगायला उभा राहणारा प्रत्येक जण स्वतःला यिर्मया समजतो. तो मांडवातला योना असतो, आणि तो प्रश्न त्यालाच विचारलेला आहे.